गाडी कोणती आणि चालवणार कोण

आमच्याकडे गाडी येण्याआधी गाडीवरचं भांडण आलं, आणि ते पावसाळ्यापासून थंडीपर्यंत मुक्कामाला होतं. एका बाजूला आमचे हे. यांना डिकीवाली हवी होती, म्हणजे लांबलचक सेडान. पुढे नाक, मागे डिकी आणि मधे ऐसपैस माणसं. दुसऱ्या बाजूला आमचा मुलगा, खराडीच्या एका आयटी कंपनीत नुकताच कायम झालेला. त्याला हवी होती छोटी, चपळ, 'स्पोर्टी' गाडी. टायर रुंद, मागे वरच्या बाजूला पंखासारखी पट्टी, आणि आवाज असा की सोसायटीच्या वॉचमनची झोप मोडावी. मला कुठली हवी ते कुणी विचारलं नाही. "रंग तू ठरव," असं मात्र दोघांनीही मोठ्या मनाने सांगितलं.

मला राग आला. राग आला की मी बोलत नाही, भांडी मोठ्याने लावते. त्या आठवड्यात आमच्या दोन पातेल्यांना पोचे आले. गाडी कुठे जाणार, कधी जाणार, कोण नेणार, हे सगळं यांनी ठरवायचं आणि मी तिला पडद्यासारखा रंग निवडायचा. यांचं म्हणणं पडलं की हीसुद्धा प्रगतीच आहे, स्कूटरच्या वेळी तर रंगही कुणी विचारला नव्हता.

ते मात्र खरं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा स्कूटर नोंदवायची आणि विसरून जायचं अशी रीत होती. आमचा नंबर लागला तेव्हा मुलगा बोलायला लागला होता. एजन्सीतल्या माणसाने "हिरवट आहे, नेणार का?" एवढंच विचारलं, आणि आम्ही घरी येऊन पेढे वाटले. आता एकाच रस्त्यावर ओळीने शोरूम झाले होते, काचेमागे गाड्या उभ्या होत्या आणि आत शिरताच हातात कागदी कपातली कॉफी येत होती. लोकांना निवडायला मिळतंय, देश बदलतोय, असं पेपरात रोज यायचं. आमच्या घरात निवडायला मिळाल्यापासून जेवणं थंड व्हायला लागली, एवढा बदल मला दिसला.

त्या हिरवट स्कूटरवर मी अर्धं आयुष्य काढलं. साडी नेसून मागे बसायचं म्हणजे आडवं बसायचं, दोन्ही पाय डावीकडे. त्यामुळे पुण्याची ओळख मला डाव्या अंगाने झाली. विश्रांतवाडीहून मंडईला जाताना रस्त्याची एक बाजू दिसायची, परतताना दुसरी. दोन्ही बाजू एकदम कधी दिसल्या नाहीत, आणि समोरचा रस्ता तर मुळीच नाही. समोर यांची पाठ. यांच्या पाठीबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगली रुंद आहे. पण खड्डा आला की तो आधी यांना दिसायचा आणि मग मला लागायचा.

म्हणून सरळच सांगते, मला गाडी चालवायची होती. डिकीवाली की चपळ, याचं मला तेव्हा फारसं काही नव्हतं. पण दोघांचे बेत मी ऐकले होते. यांची मोठी गाडी आली असती तर तिला आधी कापडाचं कव्हर शिवून घ्यायचं होतं आणि रविवारपुरता एक ड्रायव्हर ठेवायचा होता. मुलाची छोटी गाडी आली असती तर ती सकाळी खराडीला जाणार आणि दिवेलागणीनंतर कधीतरी परत येणार. कुणीही जिंको, माझी जागा मागेच होती. फरक एवढाच की आता पाय सरळ ठेवून बसता आलं असतं.

भांडण रोज रात्रीच्या जेवणाला चालायचं. हे मूळचे अमरावतीचे, सरकारी हिशेब खात्यात सगळी नोकरी पुण्यात झाली, त्यामुळे एरवी यांची मराठी ऑफिसच्या टिपणीसारखी शुद्ध असते. चिडले की अमरावती वर येते.

"डिकी नसली तर पाहुण्यांच्या बॅगा कुठे ठेवायच्या? मांडीवर?" हे विचारायचे.

"बाबा, आपल्याकडे पाहुणे वर्षातून एकदा येतात."

"एकदा येतात, कारण आपल्याकडे गाडी नाही."

"मग तर छोटीच घेऊ."

"काऊन? माह्या बहिणीनं येऊ नये का?" इथे अमरावती वर आलेली असायची, आणि मी कोशिंबीर पुढे सरकवायची.

मुलाने एकदा कंपनीतल्यासारखं प्रेझेंटेशन करून आणलं. घरातल्या कॉम्प्युटरसमोर आम्हा दोघांना खुर्च्या मांडून बसवलं. पिकअप, टर्निंग रेडियस, ग्राउंड क्लिअरन्स. हे शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?" ते नेमकं दाखवायचं राहिलं होतं. मग यांनीही ग्रंथालयातून गाड्यांची मासिकं आणायला सुरुवात केली आणि चहा पिताना 'रोड ग्रिप' असे शब्द वापरू लागले. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकदा जिन्यात भेटले. "गाडी घेताय असं ऐकलं," ते म्हणाले. यांनी उत्साहाने दोन्ही गाड्यांचे गुण सांगितले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. लावणार कुठे?"

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला साखरेसाठी सकाळी चालायला सांगितलं होतं. मी चालायला निघाले आणि आळंदी रोडच्या कडेला एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीपाशी थांबले. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे मी बूट घालून 'फिरायला' जाऊ लागले. घरी का नाही सांगितलं? कारण आमच्या घरी काही सांगितलं की त्याचा वाद होतो, आणि तेव्हा आधीच एक वाद चालू होता.

शिकवणारे मास्तर बोलायला कंजूस होते. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, "हाफ क्लच." गाडी चढावर मागे सरकली की "हाफ क्लच", बंद पडली की "हाफ क्लच", आणि एकदा रस्त्यात म्हैस आली तेव्हाही "हाफ क्लच, काकू." बाकी वेळ ते मांडीवर पेपर पसरून वाचायचे. त्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. त्यामुळे गाडी थांबली की मला कळायचंच नाही, मी थांबवली की मास्तरांनी. मला वाटायचं मी थांबवली. मास्तर पेपरातून मान वर न करता हसायचे, त्यावरून शंका यायची.

घरी हे म्हणायचे, "रोज तासभर फिरतेस, आणि वजन काही उतरत नाही." मी म्हणायची, "हळूहळू फिरते." खोटं नव्हतं. मास्तर मला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊच देत नव्हते.

माझी परीक्षा व्हायच्या आधीच यांच्या डिकीवालीच्या टेस्ट ड्राइव्हचा रविवार आला. आम्ही तिघं लग्नाला निघाल्यासारखे निघालो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मी नवी साडी नेसले, मुलगा विरोधी पक्षात असल्यामुळे चुरगळलेला टी-शर्ट घालून आला. रिक्षा करून शोरूमला गेलो. टाय लावलेल्या सेल्समनने कॉफी दिली, गाडीची दारं उघडून दाखवली, डिकी उघडून दाखवली. यांनी डिकीत डोकं घालून चारी कोपरे पाहिले. माझ्या नणंदेच्या बॅगा ते मनात लावून बघत होते, हे मला बाहेरून कळलं.

मग सेल्समनने विचारलं, "चालवणार कोण? लायसन्स दाखवा प्लीज."

यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने यांच्याकडे पाहिलं.

"तू चालवणार ना?" हे म्हणाले.

"मला कुठे येते? माझं बाइकचं आहे. मला वाटलं तुमच्याकडे गाडीचं लायसन्स आहे."

"आहे ना." यांनी पाकिटातून काढून दाखवलं. स्कूटरच्या वेळी एजंटाने चारचाकीही त्यात घालून दिली होती.

"मग?"

"चालवता कुठे येते?"

इतके दिवस टर्निंग रेडियसवर भांडणाऱ्या या दोघांपैकी एकानेही आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. मला हसू आवरेना म्हणून मी भिंतीवरचे गाड्यांचे फोटो बघत राहिले. सेल्समन समजूतदार निघाला. "नो प्रॉब्लेम सर, मी चालवतो, तुम्ही फील घ्या," म्हणाला. यांनी मागच्या सीटवर बसून, पाय लांब करून फील घेतला. तीन वेळा "वा" म्हणाले. मी यांच्या शेजारून सेल्समनचा डावा पाय बघत होते. क्लच तो फार झटकन सोडत होता. मास्तरांनी पेपर खाली ठेवला असता.

परत येताना रिक्षात दोघांचं पुन्हा सुरू झालं. गाडी चालवायला येत नाही, हा मुद्दा त्यात निघालाच नाही. "शिकू की नंतर, आधी गाडी तर येऊ दे," यावर दोघांचं एकमत होतं. रंग सोडला तर त्या सगळ्या महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

माझी परीक्षा झाली. लायसन्स पोस्टाने आलं तेव्हा सुदैवाने घरात मी एकटी होते. फोटोत मी घाबरलेली दिसते, पण नाव माझंच होतं. ते पर्समध्ये ठेवलं आणि मुलाच्या गाडीचा रविवार यायची वाट पाहिली. त्या दिवशी साडी नाही, सलवार कमीज घातला. "तू आज अशी काय?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "स्पोर्टी."

नगर रोडच्या शोरूममध्ये पुन्हा कॉफी, पुन्हा दारं. मागची पट्टी वाऱ्यासाठी असते, असं तिथल्या सेल्समनने सांगितलं. वाऱ्याचं ती नेमकं काय करते, हे यांनी विचारलं आणि त्यावर बराच वेळ गेला. मग तो प्रश्न आला. "चालवणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

मुलगा हसला. आईने विनोद केला असं त्याला वाटलं. मी पर्स उघडून लायसन्स सेल्समनच्या हातात दिलं. त्याने बघून यांच्याकडे दिलं. यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, तारीख बघितली. मग म्हणाले, "हे फिरणं होतं तर."

सेल्समन माझ्या शेजारी बसला. त्यामुळे बापलेकांना मागे बसावं लागलं, आणि चपळ गाडीची मागची सीट म्हणजे नावापुरती सीट. आरशात मला दोघांचे गुडघे दिसत होते आणि गुडघ्यांच्या वर दोघांचे चेहरे. मी सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली, आणि हाफ क्लच.

गेटातून गाडी पहिल्या गिअरवर हळूच बाहेर काढली. नगर रोडला लागल्यावर मात्र दोघांनाही कंठ फुटला. "आई, गिअर बदल." "अगं, डावीकडून रिक्षा येतेय." "आई, सिग्नल." "सावकाश, सावकाश." ज्यांना चालवता येत नव्हतं ते दोघं मला चालवायला शिकवत होते. सिग्नलला मी थांबले, आणि हिरवा झाल्यावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. एक रिक्षावाला शेजारून वाकून बघून गेला. इथे मास्तर नव्हते, त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता, गाडी थांबली ती माझ्यामुळे आणि सुरू झाली तर माझ्यामुळेच होणार होती. मी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी निघाली.

खराडीच्या बाजूला रस्ता जरा मोकळा झाला. तिसरा गिअर टाकला आणि मग मला दिसलं. डावीकडे दुकानं, उजवीकडे दुकानं, मधे पूर्ण रस्ता, थेट लांबपर्यंत, आणि मधे कुणाची पाठ नाही. खड्डा आला तोही मला आधी दिसला आणि मी तो चुकवला. इतका आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, पण गाडी चालवताना डोळे पुसता येत नाहीत म्हणून ते तसंच राहू दिलं. मागून येणाऱ्या सूचना थांबल्या होत्या. घाबरले म्हणून की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर हे गाडीबद्दल काही बोलेनात. मासिकं ग्रंथालयात परत गेली. मला धास्ती वाटायला लागली. यांचं मौन म्हणजे डिकीवालीची तयारी, असं मी धरून चालले होते. मोठी गाडी मला झेपली नसती असं नाही, पण यांनी ती मला झेपवू दिली नसती.

एका सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "त्या छोटीत मागं पाय मावत नाहीत."

"नाहीच मावत," मी म्हटलं.

"डिकीपण नावालाच आहे."

"हो."

हे बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. मग म्हणाले, "पण तुले जमते थे. थेच घेऊ." चिडलेले नसतानाही यांच्या तोंडी अमरावती आली, म्हणजे बोलणं मनापासून होतं. मी यांच्या बशीत आणखी चहा ओतला, यांनी नको म्हटलं तरी.

मुलाला कळल्यावर तो जिंकल्यासारखा नाचला. "म्हणजे माझी गाडी आली."

"तुही कशी?" हे म्हणाले. "तुले चालवता येते का?"

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यांनी ताट सजवून ठेवलं होतं. नारळ, हळदकुंकू, चाकांखाली ठेवायला लिंबं. "आमच्याकडे हे करत नाहीत," यांनी सांगितलं. आमच्याकडे गाडी आधी विहारात नेतात, वंदना घेतात आणि मग घरी. तो माणूस ताट हातात घेऊन गोंधळून उभा राहिला. यादीत पुढे काय असतं ते त्याला आठवेना. "मग मी काय करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "किल्ली द्या."

पुढचे काही आठवडे गाडीत मी एकटी कधीच नव्हते. हे शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक इतक्या जोरात दाबायचे की तिथली रबरी मॅट सरकायची. मुलगा मास्तरांकडे जायला लागला आणि घरी येऊन मला माझ्या चुका सांगायला लागला. नणंद आली, तिच्या बॅगा मांडीवर घेऊन बसली आणि गाडी छान आहे म्हणाली. मी सगळ्यांना सगळीकडे नेलं. दवाखाना, बँक, कुणाचं लग्न, कुणाची सुटलेली बस.

मग एका दुपारी हे जेवून आडवे झाले होते, मुलगा कंपनीत होता. मी किल्ली घेतली आणि खाली गेले. आळंदी रोडला लागले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. वळायला हवं होतं ते वळण आलं, मी वळले नाही. पुढचंही आलं, तेही गेलं. घरं विरळ झाली. एका झाडाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि नुसती बसून राहिले. मोबाइल वाजला. यांचं नाव दिसलं, पण मी उचलला नाही. कुणी मला काही विचारत नव्हतं आणि मला कुणासाठी काही घ्यायचं नव्हतं. खूप बरं वाटलं. मग गाडी वळवली आणि घरी आले.

हे गेटपाशी घरच्या चपलांवर उभे होते.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही."

"काही काम होतं का?"

"नाही."

यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात काही नव्हतं. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर जाऊन रिकाम्या हाताने कधी परतलेच नव्हते. भाजी, औषध, दळण, मुलाचा युनिफॉर्म, काहीतरी असायचंच. यांना ते तिथे उभ्या उभ्या कळत गेलं, आणि ते कळताना मी यांचा चेहरा पाहिला. हे रागावले नाहीत. गाडीच्या टपावरचं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

"उद्या मलेबी ने," हे म्हणाले.

"कुठे?"

"जिथं आज गेलतीस, तिथं."

लग्नापासून कुठे जाऊ या म्हटलं की यांच्याकडून मला एकच उत्तर मिळत आलं होतं. ते द्यायला इतकं सोपं असतं, हे मला माहीतच नव्हतं. मी किल्ली मुठीत धरून जिना चढायला लागले आणि म्हटलं, "बघू."